बेडईचा मान

आमच्या शेजारच्या बाई बशी हातात द्यायच्या आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. "खाऊन तर बघा, मग बोला." आनंद नगरातल्या आमच्या गल्लीत सकाळी त्यांच्या दारात उभं राहून कुणी उपाशी परतल्याचं मला आठवत नाही.

त्या ग्वाल्हेरच्या. खापरपणजोबांनी कधीतरी साताऱ्याकडचं कुठलंसं गाव सोडलं, नंतर कुणी परत फिरकलं नाही. घरात मराठीच, पण "भाऊजी, सब्जी अजून घ्या ना, शरमाता काय" अशी. आम्ही बाकीचे कारखान्याच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून इकडे परमुलखात आलेले, म्हणून आपली मराठी तेवढी खरी, असा आमचा फुकटचा तोरा. मी नागपूरकडचा. माझ्या बोलण्याला बायका पाठीमागे हसत. या बाईंना तोंडावर हसत.

गणपतीत आमच्या मंडळाची एक रीत आहे. सकाळच्या आरतीनंतर रोज एकेका घरानं आपल्या गावचा नाश्ता करायचा. मालवणच्यांची आंबोळी, लातूरकरांची चुरमुऱ्यांची सुशीला, आमचे तर्रीपोहे. फळ्यावर गावाचं नाव आणि घराचं आडनाव लिहितात. या बाई दरवर्षी एक दिवस मागायच्या आणि अध्यक्षीणबाई दरवर्षी गोड बोलून टाळायच्या. "तुमचं मूळ गाव कुठलं ते कळू दे, मग ठरवू."

"जे गाव मी बघितलंच नाही, त्याचा नाश्ता कुठून करू?" एकदा त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडे बेडई होते, उडदाच्या डाळीची पुरी. माझी आजी सोवळ्यात तळायची. ती मराठी नाही तर काय आहे?"

शेवटी एका वर्षी कोल्हापूरकरांची बदली झाली आणि त्यांचा दिवस रिकामा पडला. तो यांना मिळाला. त्यांचा आनंद तुम्ही बघायला हवा होता. उडदाची डाळ आदल्या दिवशीच भिजली, वाटली गेली, हिंगाचा वास गल्लीभर. बरोबर बटाट्याची रस्सेदार भाजी आणि जिलबीसुद्धा घरची. आईची नऊवारी नेसून त्या मंडपामागे कढईपाशी उभ्या होत्या. यजमानांना त्यांनी दोनदा फळा बघायला पाठवलं, आडनाव लिहिलं का म्हणून.

आरती झाली. अध्यक्षीणबाईंनी माईक घेतला. "आज जरा बदल म्हणून उत्तर भारतीय नाश्ता ठेवलाय." फळ्यावरही तेवढंच होतं. गाव नाही, आडनाव नाही.

त्यांचा झारा कढईतच थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्या शेवटच्या माणसापर्यंत गरम बेडई वाढत राहिल्या. लोकांनी मागून मागून खाल्ली. अध्यक्षीणबाईंनी घरी न्यायला डबाही भरून घेतला. खायची लाज नव्हती, नाव लिहायची होती. मला तेव्हा संताप आला होता, तो अजून गेलेला नाही.

भांडी उचलायला मी मदतीला गेलो तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, ग्वाल्हेरला शेजारी आम्हाला मराठे म्हणायचे. इथे तुम्ही लोक हिंदीवाली म्हणता. मग मी कुठली, ते तरी तय करून टाका ना एकदा."

त्यानंतर त्या मंडळात आल्या नाहीत. आरतीला नाही, हळदीकुंकवाला नाही. कुणी बोलवायलाही गेलं नाही. पुढच्या वर्षी तो दिवस नाशिकच्या एका नव्या कुटुंबाला मिळाला, ते राहायला येऊन चार महिनेही झाले नव्हते.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. अध्यक्षीणबाईंचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

"फार गुणी बाई हो," त्या म्हणाल्या. "कधी परकं वाटलंच नाही. अगदी आपल्यातल्याच वाटायच्या."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत ग्वाल्हेरच्या बाईंचे यजमान बसले होते. ते उठले आणि हात जोडून त्यांनी सगळ्यांचे आभार मानले.