टीपकागदाची नोकरी

माझ्या बायकोला माहेरी टीपकागद म्हणायचे. शेजारीण डोकं धरून बसली की हिच्या कपाळावर आठ्या, आणि बसमध्ये अनोळखी बाई डोळे पुसायला लागली की ही आपला थांबा विसरायची. लग्न ठरलं तेव्हा तिच्या थोरल्या भावाने मला हे हसत हसत सांगितलं. मीही हसलो. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली आणि तो अजून हसतो, कारण त्याला तिच्याबरोबर राहावं लागत नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. या धंद्यात एक सुख आहे. बिघडलेली लिफ्ट आपली कर्मकहाणी सांगत बसत नाही. कुठलीतरी वायर तुटलेली असते, नाहीतर एखादं दार नीट मिटत नसतं. ते शोधायचं, दुरुस्त करायचं, हात पुसायचे आणि निघायचं. घरी आल्यावर मला त्या लिफ्टची आठवणसुद्धा येत नाही. हिचं तसं नाही. ही कामावरून एकटी कधी आलीच नाही, दर वेळी कुणाला तरी डोक्यात बसवून घेऊन आली.

पहिली नोकरी कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत होती, तक्रारींच्या फोनवर. लोक ओरडायला लागले की बाकीच्या मुली फोन कानापासून लांब धरायच्या आणि नखं बघत बसायच्या. ही ऐकायची. एका गृहस्थाच्या यंत्रातून पाणी गळत होतं, तर बोलता बोलता हिने काढून घेतलं की त्याची बायको घर सोडून गेली आहे आणि त्याला कपडे कसे धुवायचे हेच माहीत नाही. पुढचा आठवडाभर मी जेवताना त्या माणसाच्या शर्टांबद्दल ऐकत होतो. माझ्या शर्टांचं काय, हे विचारायची सोय नव्हती. एक फोन झटपट संपवायचा असा तिथला नियम, आणि हिचे फोन संपता संपत नसत. तिला काढून टाकलं.

मग वृद्धाश्रम. तिथे एखाद्या आजी जेवल्या नाहीत की ही जेवायची नाही. नंतर बालवाडी. पहिल्या दिवशी मुलं रडली, तशी हीही रडली. मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "मुलं तासाभरात गप्प झाली हो, पण बाई थांबेनात." आणखीही दोन-तीन ठिकाणं झाली, ती सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळीकडे एकच रीत. सुरुवातीला म्हणायचं, तुमच्यासारखी माणसं हवीत. मग रडकी, भांडकुदळ, मरणाला टेकलेली सगळी माणसं हिच्या गळ्यात बांधायची, कारण ही नाही म्हणत नाही. आणि मग एका सकाळी ही उठायची नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, काही आठवडे. रडायची नाही, बोलायची नाही. मी स्वयंपाक करायचो, लेकीची वेणी घालायचो, कामावर जायचो, परत आलो की ही तशीच. माझा राग राग व्हायचा आणि कुणावर काढावा ते कळायचं नाही. तिच्यावर काढला तर तीच माझी समजूत घालायला उठून बसायची, ते तर बघवायचं नाही.

लेक कॉलेजात गेली तेव्हा तिने आईला एका करिअर सल्लागार बाईंकडे नेलं. अति हळव्या लोकांसाठी योग्य नोकरी शोधून देतात म्हणे. त्या बाईंनी पुष्कळ प्रश्न विचारून सांगितलं, की तुम्ही परिचारिका, शिक्षिका नाहीतर समुपदेशक व्हा. म्हणजे ज्या विहिरींतून हिला वर काढता काढता मी अर्धा झालो, त्याच दाखवल्या. लेक मला म्हणाली, "बाबा, शेवटी त्या बाईच रडत होत्या. त्यांचा घटस्फोट चाललाय. आईने त्यांना पाणी दिलं." फी मात्र पूर्ण घेतली.

तेव्हा मी ठरवलं, हिला नोकरी अशी पाहिजे जिथे माणूस दिसणार नाही. आणि ती मीच शोधली. एका जुन्या इमारतीत सामानाची लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो. वरच्या मजल्यावर कवळ्या बनवायचा कारखाना होता. मागच्या खोलीत चार-पाच जण दिव्याखाली मान घालून बसलेले, कुणी कुणाशी बोलत नाही, समोर प्लास्टरचे जबडे. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, त्यावर दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि परत पाठवायचे. सोबतच्या चिठ्ठीवर नावसुद्धा नसतं, फक्त नंबर. मला इतका आनंद झाला की लिफ्टचं बिल पाठवायचं राहून गेलं. मालकीणबाई फटकळ होत्या, पण हिचा हात स्थिर आहे हे बघून त्यांनी काम शिकवायच्या बोलीवर ठेवून घेतलं.

कामावर जायच्या आदल्या दिवशी ही म्हणाली, "अहो, ही शेवटची. ही पण गेली तर मी पुन्हा कुठे जाणार नाही. माझ्यात जगायला लागतं ते काहीतरी कमी आहे, असं समजून मी घरात बसेन." हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं.

नोकरी टिकली. नखांत प्लास्टर घेऊन ती घरी यायची, जेवायची, झोपायची. भिंतीकडे तोंड नाही की कुणाचे शर्ट नाहीत. मी सुटलो असं वाटलं. फक्त एक झालं. दिवसभर गप्प राहिलेली ही संध्याकाळी सगळीच्या सगळी माझ्याकडे वळायची. मी चपला काढायच्या आत, "आज कुणाशी वाजलं का? पाठ धरलीय ना? साहेब काही बोलले?" सगळं बरोबर असायचं, हाच तर वैताग. माणसाला स्वतःचा थकवा थोडा वेळ तरी स्वतःपाशी ठेवावासा वाटतो. मी जिन्यात थांबून तोंडावरून हात फिरवायला लागलो, चेहरा जरा सरळ करून मग वर जायचो.

आणि मग ती कवळी झाली. एका आजोबांचे उरलेले दात काढण्याआधी दवाखान्याने त्यांचं माप घेतलं होतं. त्या जुन्या जबड्यात पुढचा एक दात शेजारच्यावर थोडा चढलेला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, दात सरळ रेषेत बसवा. हिने तो जुना जबडा हातात धरला आणि हिला वाटलं, आयुष्यभर घरच्यांनी या माणसाचं हसू असं बघितलं असेल, एकदम सरळ दात दिसले तर नातवंडं बिचकतील. म्हणून नव्या कवळीत तो दात तिने तसाच, किंचित चढवून बसवला. फार सुंदर काम केलं होतं म्हणे. कुणाला सांगितलं नाही, विचारलं नाही.

आजोबांनी आरसा बघितला आणि कवळी टेबलावर आपटली.

मालकीणबाईंनी हिला दवाखान्यात बोलावून घेतलं. एकटीने जायचं धैर्य होईना, म्हणून मी सुट्टी टाकून बरोबर गेलो. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे होते. खुर्चीत आजोबा, बारीक चणीचे, कडक इस्त्रीचा शर्ट.

"साठ वर्षं मी ओठाने हा दात झाकून हसलोय," ते म्हणाले. कवळी बसवलेली असल्यामुळे शब्द जरा शीळ घालत होते. "लग्नाच्या फोटोतसुद्धा माझं तोंड मिटलेलं आहे. म्हटलं, मरायच्या आधी एकदा सरळ दात मिळतील. तर तुम्ही तोच परत लावून पाठवलात."

"मला वाटलं, तुमच्या घरच्यांना ओळखीचं वाटेल," ही म्हणाली.

"तुम्हाला वाटलं. मला विचारलंत?"

"तुम्ही तिथे नव्हतात."

आता ही कोसळणार म्हणून मी हात पुढे केला. पण ही त्यांच्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "चुकलं माझं. मी सरळ करून देते. पण डावीकडे खाली लागतंय ना?"

"नाही. डॉक्टरांना सांगितलंय मी, सगळं ठीक आहे."

"जीभ सारखी तिथेच जातेय तुमची."

आजोबांनी दाराकडे बघून घेतलं. "लागतंय," ते म्हणाले. "पण ते सांगितलं की आणखी एक खेप वाढते. मुलगा आधीच कंटाळलाय मला आणून आणून."

"मग आजच बघू," ही म्हणाली, आणि तिने तिथेच बसून ती कड घासून दिली, पुन्हा पुन्हा तोंडात घालून, विचारून.

बाहेर पडल्यावर मालकीणबाईंनी आम्हाला जिन्यात गाठलं. "समोर माणूस नसला की तुम्ही मनाने एक तयार करता," त्या हिला म्हणाल्या, "आणि तो खऱ्या माणसापेक्षा फार गोड असतो. हे मला परवडणारं नाही. सकाळी इथे दवाखान्यात बसायचं. कवळी आधी मेणात करून पेशंटच्या तोंडात बसवून बघायची, कुठे लागतं, कशी हवी ते त्यालाच विचारायचं. दुपारी मागची खोली. हे जमणार नसेल तर उद्यापासून येऊ नका."

मी तिथल्या तिथे नको म्हणालो. पुन्हा माणसं नकोत. मला ती भिंत डोळ्यांसमोर दिसत होती. घरी येईपर्यंत मी बडबडत राहिलो, की मोठ्या मिनतवारीने घडी बसली होती, आता माझ्यात त्राण नाही, पुन्हा तू पडलीस तर या वेळी मला तुला उठवता यायचं नाही. बोलायला नको होतं, पण खरं होतं.

ती बिछान्याच्या कडेला बसून ऐकत होती. "त्या मागच्या खोलीत मी दिवसभर कुणाचंच ऐकत नव्हते," ती म्हणाली, "म्हणून संध्याकाळी तुम्हाला खात होते. तुम्ही जिन्यात थांबून तोंड नीट करता, मला माहीत आहे. इथून तुमची पावलं थांबलेली ऐकू येतात."

मला लाज वाटली आणि रागही आला. हेही तिला कळत होतं म्हणजे.

"वृद्धाश्रमातून कुणी बरं होऊन घरी जात नव्हतं हो," ती म्हणाली. "दवाखान्यात कवळी बसली की माणूस उठून जातो. आजोबा गेले ना, त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला फार बरं वाटलं. मला जाऊन बघू दे."

"जा," मी म्हणालो. पटलं म्हणून नाही. भांडायचा कंटाळा आला होता.

ती दवाखान्यात बसायला लागली त्याच दिवशी एका लिफ्टच्या दारात माझा अंगठा सापडला. नख काळंनिळं झालं, हात कोपरापर्यंत ठणकत होता. संध्याकाळी घरी आलो तर ती खुर्चीत पाय पसरून बसली होती, दमलेली, पण जागी. चहा झालाय म्हणाली. मग कुणा एका बाईबद्दल सांगायला लागली, त्यांना शिक्षिकेची नोकरी परत धरायची आहे आणि कवळीतून 'स' नीट निघत नाही, पण शेवटी निघाला. मी समोर बसलो. चहा डाव्या हाताने प्यायलो. ती बोलत होती, माझ्याकडे बघतही होती, आणि तिला काही कळत नव्हतं.

मी वाट बघितली. सवयच ती. इतक्या वर्षांत मला कधी काही सांगावं लागलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करतात तेही येईना.

"माझा अंगठा दारात सापडला आज," मी शेवटी म्हणालो.

ती बोलायची थांबली. "कुठला?"

मी हात पुढे केला. तिने तो मांडीवर घेतला, दिव्याकडे वळवला.

"खूप दुखतंय का?" तिने विचारलं. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "खूप."