मुंबईची बाजू

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून झालेल्या वस्तीत, घरोघरी टीव्ही आहे, तरी संध्याकाळी माणसं अण्णाजींच्या फाटकासमोर जमायची. दुधाला निघालेली बाई पिशवी हातात घेऊन तिथंच रेंगाळायची, समोरचा किराणावाला मुकेश गिऱ्हाईक सोडून पायरीवर येऊन बसायचा. कारण त्या वेळी अण्णाजी आणि जयवंताकाकू भांडायचे. विषय वर्षानुवर्षं एकच, मुंबई चांगली की पुणं.

अण्णाजी मुंबईचे, काकू पुण्याच्या. म्हणजे जन्मानं दोघंही इथलेच. अण्णाजी आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे, काकू अल्लीपूरच्या. अण्णाजी रेल्वेत फिटर होते. लग्नानंतरची पहिली वर्षं पुण्यात गेली, मग मुंबईला बदली झाली ती पार रिटायर होईपर्यंत. परत आल्यावर रोहण्याच्या भाऊबंदांत न शिरता त्यांनी कारंज्याला, हायवेला लागून असलेल्या आमच्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. त्यांची आणि आमची भिंत एकच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, दिवसभर पोरांची भांडणं सोडवून कान किटलेले असतात. पहिल्याच आठवड्यात मी घरी सांगून टाकलं, ही जोडी आपल्याला सुखानं बसू देणार नाही.

काडी टाकायचं काम मुकेशचं. तो नुसतं म्हणायचा, काकू, पुन्यात म्हने थंडी पडली. तेवढं पुरे. काकू पदर खोचून सुरू व्हायच्या. पुण्यात वैशाखातही रात्री पांघरूण लागायचं. इथल्या उन्हात भाजून निघालेल्या आम्हा लोकांना ते ऐकूनच गार वाटायचं. क्वार्टरसमोर वीतभर अंगण होतं, त्यात त्यांनी कढीपत्ता लावला होता. कुरोड्या घातल्या की दोन दिवसांत खडखडीत वाळायच्या. मुंबईत घातल्या तर चार दिवसांनी त्यांना बुरशी आली. ज्या गावात कुरोडी वाळत नाही तिथं माणसानं कशाला राहावं, असं त्यांचं म्हणणं.

अण्णाजी बदामाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलेले असायचे. ते आवाज चढवत नसत. हिनं ‘का’ऐवजी ‘काऊन’ म्हटलं म्हणून पुण्याचा दुकानदार हसला होता, तेव्हा ही बाई आठ दिवस त्या दुकानाची पायरी चढली नाही, हे ते हसत हसत सांगायचे. मुंबईत कोणी हसलं का कधी?

“हासला तं हासला,” काकू म्हणायच्या. “ओळखत तं होता. मुंबईत कोनी हासत नाई, कारन कोनी पाह्यतच नाई.”

अण्णाजींच्या मते तेच मुंबईचं मोठेपण. कोण, कुठला, कोणाचा, हे तिथं विचारत नाहीत. काम येतं का एवढंच विचारतात. पाणी पहाटे येतं, पण येतं. मशीनचा सुटा भाग मागितला की त्याच दिवशी मिळतो, आणि दवाखाने तर असे की देशभरातून माणसं येतात. दवाखान्यांचं नाव निघालं की काकू गप्प व्हायच्या. मग थोड्या वेळानं, जरा पडक्या आवाजात, पुण्याची हवा चांगली होती पण, एवढं बोलून आत जायला वळायच्या. त्यावर अण्णाजींचं ठरलेलं उत्तर होतं.

“हवा खाऊन पोट भरते का, जयवंते?”

माणसं हसायची आणि दूध घेऊन घरी जायची. आमच्या ले-आउटमधली निम्मी पोरं पुण्यात, काही मुंबईत, आणि उरलेली कुठं जावं या विचारात. त्यामुळे या भांडणाला तसा भाव होता. पोराला नोकरी लागली की बाप अण्णाजींना आणि आई काकूंना विचारून यायची, आणि घरी जाऊन दोघं आपसात भांडायची.

मलाही वर्षभर वाटत होतं की रिकामपणाचा चाळा आहे. मग एका उन्हाळ्यात काकूंच्या गच्चीवर आम्ही दोघी कुरोड्या घालत होतो. सोऱ्या दाबता दाबता मी सहज विचारलं, मुंबईवर एवढा राग का? काकू सोऱ्या दाबतच राहिल्या. म्हणाल्या, मुलगा होता. आदेश. पुण्यात जन्मला, पुण्यात शाळेत गेला. आठवीत असताना त्याला रक्ताचा आजार निघाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की इथंही उपचार करता येतील, मुंबईला नेलंत तर तिकडचा दवाखाना मोठा आहे, काय ते संध्याकाळपर्यंत कळवा. अण्णाजींनी मुंबई सांगितली. साहेबांच्या हातापाया पडून बदली मागून घेतली. आणि वर्षभरानं, मुंबईतच, आदेश गेला.

एवढं सांगून त्यांनी सोऱ्यात पुन्हा चीक भरला. ले-आउटमध्ये ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. रोहण्याला ठाऊक होती, आणि म्हणूनच ते दोघं रोहण्याला राहायला गेले नव्हते.

“पुन्यात राह्यलो असतो तं पोरगा राह्यला असता,” काकू म्हणाल्या. “असं मले वाटते. त्याईले मी कधी म्हनलं नाई. पन त्याईले मालूम हाय.”

त्या दिवसापासून मला ते भांडण ऐकवेना. अण्णाजी मुंबईच्या नळाचं कौतुक करायचे तेव्हा मला दिसायचं की हा माणूस नळासाठी भांडत नाही. मुंबई वाईट ठरली तर त्याचा निर्णय वाईट ठरत होता. आणि काकूंना पुणं सोडवत नव्हतं, कारण तिथं त्यांचा मुलगा दप्तर घेऊन अंगणातून जात होता. आम्ही सगळे समोर उभे राहून हसत होतो. मला मुकेशचा इतका राग येई की दोनदा मी त्याच्याकडचं सामान परत केलं, आणि त्याला बिचाऱ्याला कारणही कळलं नाही.

मी शिक्षिका पडले, गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. एकदा काकूंना म्हटलंच, एकदा तरी त्यांना सांगा की तुमचं चुकलं नाही. म्हातारा माणूस सुखानं झोपेल. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या चुलीत पाणी ओतलं होतं.

“मले तसं वाटतच नाई,” त्या म्हणाल्या. “मंग खोटं काऊन बोलू?”

खोटं बोलू नये हे मी स्वतःच रोज पोरांना शिकवते.

मागच्या हिवाळ्यात अण्णाजींना खोकला धरला आणि सुटेना. संध्याकाळची खुर्ची आत गेली, भांडण बंद पडलं. फाटकासमोर येऊन माणसं तब्येत विचारून जाऊ लागली. एक दिवस दम इतका लागला की आम्ही गाडी करून त्यांना वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं. न्यूमोनिया निघाला. मला सुट्टी होती, मी काकूंबरोबर राहिले. तिथल्या लोकांनी मनापासून केलं, त्यांना बोल लावायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि काकूंना म्हणाले, आम्ही इथंही करतोच आहोत, पण नागपूरला नेलंत तर तिकडे सोयी जास्त आहेत. विचार करा आणि संध्याकाळपर्यंत सांगा.

काकू बाकावर बसल्या त्या बसल्याच. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांचीच ती वाक्यं होती, जवळजवळ शब्दाला शब्द.

बऱ्याच वेळानं त्या उठून आत गेल्या. अण्णाजी शुद्धीवर होते, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. काकूंनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, काय करायचं, इथंच राहू की नागपूरले जाऊ? अण्णाजींनी मास्क बाजूला केला. हसायचा प्रयत्न करत होते असं मला वाटलं.

“आता तू सांग,” ते म्हणाले.

टोमणा नव्हता तो, शपथेवर सांगते. थकलेल्या माणसानं हातातली जड पिशवी थोडा वेळ दुसऱ्याकडे द्यावी, तसं म्हणाले. काकूंनी त्यांचा मास्क नीट बसवला, गादीची कड धरली आणि म्हणाल्या, नागपूर. अण्णाजींनी मान हलवली.

ॲम्ब्युलन्समध्ये काकू त्यांच्या उशाशी बसल्या, मी पुढं ड्रायव्हरजवळ. नागपूरला पोचल्या पोचल्या त्यांना आत नेलं आणि घशात नळी घातली. त्यानंतर ते बोलले नाहीत. आठवडाही निघाला नाही, अण्णाजी गेले.

कारंज्याला आणलं, सगळं रीतीप्रमाणे झालं. रोहण्याचे भाऊबंद आले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मी पिठलं-भाकरी केली आणि कडू घास घेऊन गेले. मुकेशच्या घरून वरणभात आला, आणखीही कोणाकोणाच्या घरून काही ना काही आलं. काकूंनी माझ्या ताटातला घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

“गाडीत म्हनाव वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “का तुमचं चुकलं नाई म्हून. पन त्याईचा डोया लागला होता. म्हनलं, झोपू दे. नागपूरले पोचल्यावर म्हनू.”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

“आता कोनी मले म्हनलं, का वर्ध्यालेच ठेवलं असतं तं वाचले असते, तं मी काय सांगू, वर्षाली? मोठं नाव आयकलं का मानूस तिकडंच पयते. मानूस वाचाव म्हून पयते. त्याईनं दुसरं काय केलं होतं? अन् मी एवढी वर्षं…”

त्यांनी हातातला घास कसाबसा गिळला.

तेरवी झाली, पाहुणे गेले. संध्याकाळी ले-आउट सुनं सुनं वाटायचं. कोणी त्या फाटकासमोर थांबत नसे. थांबून बोलणार काय? मग एके दिवशी काकू स्वतःच बाहेर येऊन पायरीवर बसल्या. मी फाटकाशी होते. अण्णाजींची खुर्ची कोणीतरी पुन्हा बदामाखाली ठेवली होती. मुकेश दुकानातून आला. पोरगा मनानं वाईट नाही. काकूंना जरा बरं वाटावं म्हणून, जुन्या सवयीनं, जपून जपून म्हणाला, “काकू, आता तं तुमीच जिंकल्या. पुनंच भारी.”

मला वाटलं याच्या डोक्यात माप घालावं. पण काकूच बोलल्या.

“कोन म्हनते?”

मुकेश गडबडला. काकू पदर खोचून सरळ बसल्या आणि सुरू झाल्या. मुंबईत कोणी कोणाला जात-गाव विचारत नाही, काम येतं का तेवढं विचारतात. पाणी पहाटे येतं, पण येतं. एकेक करून अण्णाजींचे सगळे मुद्दे त्यांनी मांडले, त्यांच्याच क्रमानं. एवढी वर्षं भांडताना त्यांनी ते किती नीट ऐकून घेतले होते, हे मला त्या दिवशी कळलं. दवाखान्यांवर आल्या तेव्हा या वेळी आत वळल्या नाहीत, तेही म्हणाल्या. देशभरातून माणसं येतात, उगीच येत नाहीत.

मग ज्या गोष्टीचा अण्णाजींनी एकदाही उच्चार केला नव्हता, ती त्यांनी सांगितली.

“माहा आदेश गेला तवा वर्ष सारं दवाखान्यातच गेलं होतं, बिल्डिंगमधे आमी नवेच होतो,” त्या म्हणाल्या. “कोनाचं नाव मालूम नव्हतं. तं वरची मद्रासी बाई इडल्या घेऊन आली, खालचे युपीवाले पुऱ्या घेऊन आले. त्याईले काय मालूम आपल्यात कडू घास असते म्हून? तीन दिवस माह्या घरी चूल पेटू देल्ली नाई. मी त्या इडल्या खाल्ल्या, अन् जल्मभर म्हनत राह्यली का मुंबईत कोनी पाह्यत नाई.”

मुकेशला आदेश कोण ते माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. त्याला तेवढ्यात समजलं असावं, कारण तो मान खाली घालून पायरीवर बसला.

“त्याईनं बराबर केलं होतं,” काकू म्हणाल्या. “मुंबईच चांगली.”

आणि त्या थांबल्या. बदामाखालच्या खुर्चीकडे पाहत थांबल्या, उत्तराची वाट पाहिल्यासारख्या. समोरून काहीच येईना. पुण्याच्या बाजूनं बोलायला कोणी उरलंच नव्हतं, आणि काकूंच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटत गेलं. मला ते बघवेना. मी आयुष्यात पुणं पाहिलेलं नाही, तरी तोंड उघडलं.

“पन काकू,” मी म्हटलं, “पुन्याची हवा चांगली होती.”

काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

“हवा खाऊन पोट भरते का, वर्षाली?” त्या म्हणाल्या.