हात दखाड

ये गं शीतल, अशी जवळ बस. आणि तो मोबाइल ठेव. आत्या बोलते तेव्हा तरी. शाळेत बाई म्हणून लागून सहा महिने नाही झाले आणि म्हणे, "एका पोराला दिली ठेवून!" शाबास. गोदाअक्का असती तर तुलाच हात पुढे करायला लावला असता.

अक्का सोनगीरकडच्या आमच्या शाळेत खिचडी शिजवायची, मी तिच्या हाताखाली तांदूळ निवडायचे. ताटाला आलेल्या प्रत्येक पोराला म्हणायची, "हात दखाड!" दाखवला की उलटून-पालटून बघायची. हेडमास्तरांना वाटलं, केवढी ही स्वच्छता! त्यांनी पंधरा ऑगस्टला तिला नारळ दिला. अक्का माझ्या कानात म्हणाली, "मळ कोन दखस वं? कोनी कोनले मारं, ते दखस मी. तोंड खोटं बोलस, हात खोटं नही बोलस."

एकदा आठवीतल्या दिनेशचे तळवे काळे निघाले. वंगण! अक्काने पिशवी चाचपली, तर आत सायकलची चेन. भूषण नावाचा दांडगट त्याला रोज बोबड्या म्हणून ढकलायचा. शाळा सुटली की दिनेश त्याचं डोकं फोडणार होता.

"चांगलं शे," अक्का म्हणाली. "पन आधी खाय, मंग मारजो. रिकाम्या पोटे नेम चुकस."

चेन ओट्याखाली सरकवली आणि मला हेडमास्तरांकडे पिटाळलं.

त्यांना घेऊन येते तर काय! थंडीचे दिवस, खिचडीबरोबर भरीत होतं. ठेचायच्या लाकडी बडगीत, त्या लांबट डोणीत, भाजलेली वांगी, आणि अक्काने समोरासमोर मुसळं देऊन उभे केलेले दिनेश आणि भूषण. एकाचं वर तर दुसऱ्याचं खाली. ताल चुकला की मुसळावर मुसळ आणि वांगं तोंडावर. दोघांचे डोळे एकमेकांच्या हातांवर. हेडमास्तर "काय चाललंय?" म्हणत वाकले, नि वांग्याचा गोळा थेट पांढऱ्या शर्टावर. आधी दिनेश फिसकन हसला, मग भूषण.

"साहेब, जरा लांब," अक्का म्हणाली. "आठे भांडन चालू शे."

तेवढ्यात मुसळ उचलताना भूषणची बाही वर गेली. मनगटावर पट्ट्याचे वळ. अक्काचं हसू तिथेच विरलं.

संध्याकाळी अक्का, हेडमास्तर आणि मी, आम्ही तिघं भूषणच्या घरी. वडील नव्हते, सगळा धाक थोरल्या भावाचा. तो दारात मिशी पिळत उभा. "काय काम आहे?"

अक्का म्हणाली, "हात दखाड."

आणि अगं, त्या बाप्याने दोन्ही हात पुढे केले! लहानपणी त्यानेही आमचीच खिचडी खाल्लेली.

"या हातवर मी ताट ठेयेल व्हतं," अक्का म्हणाली, "पट्टा नही."

त्याची मान खाली गेली. पट्टा आणून दिला. तरी हेडमास्तर पुढे महिनाभर त्या घरी चक्कर मारत राहिले. पोरं काही जिवलग झाली नाहीत, पण पुन्हा एकमेकांच्या वाटेला गेली नाहीत.

अक्का मागच्या वर्षी गेली. शेवटी दिसत नव्हतं तिला. माझा हात चाचपून म्हणाली, "भाकरी थापनं सोडी दिधं का वं?" चोरी पकडली बघ. एकटीसाठी कोण परात काढतं?

तर उद्या धुळ्याला तुझ्या शाळेत गेलीस की आधी त्या पोराचे हात बघ. आणि त्याने काय सांगितलं ते फोनवर नको, इथे येऊन सांग. वांगी आणून ठेवते. लवकर ये गं, भरीत एकटीने ठेचलं की ताल लागत नाही.