लाक्षणिक उपास आन मोसंब्या

मोसंबी सोलल्याचा वास आला की मला केजच्या तहसिलीपुढचा मांडव आठवतो. दुष्काळ होता, सरकार जनावरांची चारा छावणी उघडत नव्हतं आन आमची म्हैस दोन दिवसांपासून बसली ती उठत नव्हती. म्हणून दूध संस्थेच्या चेअरमननं आम्हा सभासदांना उपोषणाला बसवलं. कापडी बोर्डावर लिहिलं होतं, लाक्षणिक उपोषण. माझ्या शेजारी बसलेल्या बायकोनं विचारलं, "लाक्षणिक म्हंजी काय, दादा?" चेअरमन म्हणाला, "सकाळी बसायचं, पाचला उठायचं. नुसती खूण." मला तो शब्दच खोटा वाटला. त्यात त्याच्या जीपमध्ये मोसंब्यांची पिशवी दिसली. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "उपास पाचला सुटणार, हे मोसंब्यांला सकाळीच म्हाईत हाय. लक्षण बरं न्हाई." पाचला तहसीलदार साहेब आले, "बघू" म्हणाले, फोटो निघाला आन रसाचे ग्लास फिरले. छावणीचं कुणी विचारलंच नाही. माझा घसा सुकला होता, मी पिलो. तिनं ग्लास परत केला. "माझी म्हस लाक्षणिक उपाशी न्हाई," म्हणाली आन बसूनच राहिली. शेवटी मीच तिला हाताला धरून उठवलं. वाटेनं एकच बोलली, "गोड होता का?" म्हैस त्याच आठवड्यात गेली. मागल्या साली अंबाजोगाईच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी मी बायकोच्या ओठाला मोसंबीचा रस लावला, तर तिनं तोंड फिरवलं. लक्षण मला कळलं. मी ग्लास खाली ठेवला. या खेपेला मीही पिलो नाही.