सत्ताविसावा सहलेखक

सकाळचे दहा चाळीस. संशोधन संस्थेच्या ग्रंथालयामागच्या खोलीत मोजणीबाई एका छापील यादीवर लाल पेन्सिलीने काट मारत होत्या. यादीत दोनशे चौदा ओळी होत्या. एकशे सत्तावन्न कापल्या गेल्या, उरल्या सत्तावन्न. लागणार होत्या साठ.

यादी धूळवाल्या मॅडमची होती. दगडखाणीतली धूळ कामगारांच्या फुप्फुसांत किती साचते, याचा त्या पंधरा वर्षं अभ्यास करत होत्या. त्यांची नेमणूक दर पाच वर्षांनी नव्याने व्हायची आणि ती मुदत आज, महिनाअखेरीला संपत होती. समितीची बैठक तीन वाजता होती. समितीपुढच्या कागदावर एकच आकडा कामाचा होता: पाच वर्षांत बाहेरच्या संशोधकांनी आपल्या लिखाणात मॅडमच्या निबंधांचा किती वेळा आधार घेतला. असा प्रत्येक आधार म्हणजे एक संदर्भ. साठाच्या खाली आलं की नेमणूक संपली.

मोजणीबाई चोपन्न वर्षांच्या आहेत. लागल्या टंकलेखक म्हणून. तेव्हा संदर्भ जाडजूड खंडांत बारीक टायपात छापून यायचे. पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचायची आणि कार्डावर रेघा ओढायच्या. पुढे संगणक आला, मोजणी चुटकीसरशी व्हायला लागली आणि आकडे फुगायला लागले. चार प्राध्यापक वर्षानुवर्षं एकमेकांचीच आरती ओवाळत होते: पहिल्याच्या निबंधात उरलेल्या तिघांचे संदर्भ, दुसऱ्याच्या निबंधात पहिल्याचे. मोजणीबाईंनी कागदावर चौकट आखून ते दाखवून दिलं. चौघांपैकी एकाची बढती अडली. तो अजूनही जिन्यात गाठून विचारतो, "काय काटेवाल्या बाई, आज कुणाला तोललंत?"

त्या प्रकरणानंतर नियम झाला. गेल्या दहा वर्षांत ज्याच्याबरोबर एकदा जरी निबंध लिहिला असेल, त्याने घेतलेला आधार धरायचा नाही. मसुदा मोजणीबाईंचाच होता. समितीने त्यात स्वल्पविरामही बदलला नाही.

धूळवाल्या मॅडमची गोष्ट नेमकी उलटी होती. या धुळीवर काम करणारी माणसंच मुळात थोडी. मॅडमनी सगळ्यांना एकत्र आणलं आणि सहा वर्षांपूर्वी एक मोठा निबंध काढला. एक्स-रे काढणारा, खाणीजवळच्या दवाखान्यातली नर्स, ज्याचा म्हणून हात लागला त्याचं नाव त्यावर घातलं. तेहतीस नावं. पुढे या विषयावर जे काही छापून आलं, ते बहुतेक याच तेहतीस जणांनी लिहिलेलं. म्हणून एकशे सत्तावन्न ओळी कापाव्या लागल्या.

बाराला नवऱ्याचा फोन आला. तो बस डेपोत मेकॅनिक आहे.

"जेवलीस का? आज कुणाचा बळी?"

"अहो, गप्प बसा. तीन कमी पडताहेत."

"मग हुडक की. पडलेला नट मी गाडीखाली झोपून हुडकतोच ना?"

संगणकाच्या जाळ्यात न येणाऱ्या जागा मोजणीबाईंना पाठ होत्या: विद्यापीठांत जमा झालेले प्रबंध, रुग्णालयांचे अहवाल. साडेबारापर्यंत दोन प्रबंध सापडले. एक वीसला तिसरा संदर्भ सापडला, तो दगडखाण मालकांच्या संघटनेच्या अहवालात. मॅडमच्या निबंधाला तिथे 'तथ्यहीन' म्हटलं होतं. पण मोजणीत शिव्या देणारा संदर्भही संदर्भच असतो. साठ झाले.

मग सवयीने त्यांनी अहवाल लिहिणाऱ्या डॉक्टरचं नाव तेहतीस जणांच्या यादीशी ताडून पाहिलं. सत्ताविसावं नाव त्याचंच होतं. त्या निबंधानंतर तो मालकांच्या नोकरीत गेला होता.

शेजारच्या टेबलावरून ग्रंथपाल बघत होते. "अहो, सत्ताविसावं नाव कोण वाचत बसतंय? साठ लिहा आणि मोकळ्या व्हा."

"वाचणारा जिन्यात उभा असतो, सर."

"तो? तो अजून दातओठ खातोय तुमच्यावर."

"म्हणूनच तो ही फाइल मागवून बघेल. आणि त्याने नाही मागवली, तरी मला माहीत आहे ना."

"तुमच्यापुढे डोकं फोडून उपयोग नाही," म्हणत ग्रंथपाल चहाला निघून गेले. मोजणीबाईंनी तक्त्यात एकोणसाठ लिहिलं आणि सही केली.

दोन दहाला धूळवाल्या मॅडम आल्या. "झालं का ताई?"

"एकोणसाठ."

मॅडम खुर्चीत बसल्या. मोजणीबाईंनी अहवाल पुढे सरकवला आणि नावावर बोट ठेवलं.

"हा?" मॅडम म्हणाल्या. "याने तर नुसते सहा एक्स-रे पाठवले होते."

"मग नाव कशाला घातलंत?"

"सहा तर सहा. पाठवले होते ना." त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "कुणी केला हो हा नियम?"

"मी."

"मग पळवाट तरी तुम्हाला ठाऊक असेल."

"ठेवलीच नाही, मॅडम."

मॅडमनी मान हलवली. पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायल्या आणि गेल्या.

बैठक तीनला सुरू झाली. या फाइलला सात मिनिटं लागली. एका सदस्याने विचारलं, "या कामाचा कुणाला उपयोग होतो का?" त्याचं उत्तर कापलेल्या एकशे सत्तावन्न ओळींत होतं. कापलेल्या ओळी समितीपुढे जात नाहीत. सव्वाचारला चिठ्ठी ग्रंथालयात आली: मुदतवाढ नाही.

संस्थेतल्या संशोधकांची यादी दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी साडेनऊला मोजणीबाई नव्याने छापतात आणि प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावतात. आजच्या यादीत एकशे बारा नावं आहेत. उद्याच्या यादीत एकशे अकरा असतील.