भित्रे जमादार

आमच्या गावच्या पोलीस चौकीतले जमादार भित्रे होते. चोराला भ्यायचे नाहीत, भांडणाला भ्यायचे. गल्लीत कुणाचा आवाज चढला की त्यांचं तोंड सुकायचं. मग टोपी काखेत मारून निघायचे आणि तळहाताचा घाम पँटीला पुसत दोघांच्या मधे जाऊन उभे राहायचे. पोरं मागून ‘भित्रे जमादार’ म्हणायची, ते त्यांना ठाऊक होतं. ‘‘हाव, भेतो मी,’’ ते म्हणायचे. ‘‘झाल्यावर येऊन काय करू? पंचनामा?’’

गाव धामणगाव बढ्याच्या अलीकडे, ठाणं लांब आणि चौकीत हे एकटेच. पोळ्याला तोरणाखालून आधी कुणाची बैलजोडी जाणार, यावरून दोन आळ्यांत दरवर्षी धुसफूस व्हायची. आठवडाभर आधीपासून जमादारांना अन्न गोड लागत नसे. या आळीत चहा, त्या आळीत चहा, दोन्हीकडे समजुतीचं तेच पाल्हाळ. पोट बिघडवून घ्यायचे, पण पोळा शांततेत पार पडायचा. आमचं घर चौकीसमोरच, त्यामुळे बैल घरी गेले की जमादार आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, ‘‘ताई, पानी द्या थोडं. झालं एकदाचं.’’

त्यांची दुसरी खोड म्हणजे तक्रार लिहून घ्यायची नाही. कुणी तावातावानं आला की ‘‘बस, पयले चहा पी,’’ आणि तो चहा पीत असताना दुसऱ्याला बोलावणं जायचं. संध्याकाळपर्यंत दोघं कुरकुरत का होईना, एकाच वाटेनं घरी जात. ‘‘एकदा लिहिलं का वैर पक्कं होते,’’ हे त्यांचं म्हणणं.

त्यांच्या भित्रेपणाला मी हसले नाही, कारण ती भीती माझ्या घरातही होती. माझा नवरा आणि दीर यांची विहीर सामाईक. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की मोटारीच्या पाळीवरून दोघांचे डोळे लाल व्हायचे. दोघेही तापट. अशा दिवसांत जमादार उगाचच विहिरीकडे चक्कर मारायचे आणि मला तेवढ्यानं धीर यायचा.

मग एका उन्हाळ्यात वरून पोलिसांचं फेरवाटप निघालं. माणसं कमी, गावं जास्त, तेव्हा जिथे नोंदी जास्त तिथे माणूस, असा हिशेब होता. ठाणेदार पाहणीला आले. चहा मीच नेऊन दिला. ‘‘इथे तर काहीच घडत नाही,’’ ते चिडून नव्हे, अगदी सरळ म्हणाले. ‘‘तिकडे हायवेवरच्या गावात रोज मारामाऱ्या आहेत. मी माणूस इथे बसवून ठेवू का?’’ त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. जमादार म्हणाले, ‘‘सायेब, होऊन नाही राह्यलं ते...’’ आणि पुढचं त्यांना जमेना. स्वतःची बढाई मारायची सवयच नव्हती.

त्याच उन्हाळ्यात माझा नवरा आणि दीर विहिरीवर भिडले. दिराची बाही फाटली, नवऱ्याच्या ओठातून रक्त आलं, आणि दोघंही तक्रार द्यायला चौकीत. मागोमाग मी, जाऊ आणि सरपंच. सरपंचांनी जमादारांच्या कानाशी लागून सांगितलं, पण ऐकू सगळ्यांना गेलं. ‘‘लिहा आता. अशा नोंदी होऊ द्या, म्हंजे चौकी राह्यते.’’

जमादारांनी पेन उघडलं. लिहिलं तर चौकी वाचण्याची आशा होती, आणि माझं घर कायमचं दोन होणार होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘ताई, लिहू काय?’’

‘‘नका लिहू,’’ मी म्हटलं. जाऊही रडत तेच म्हणाली.

त्यांनी पेन मिटलं आणि चहा सांगितला.

पावसाळा संपायच्या आत चौकीला कुलूप लागलं. जमादारांची रवानगी जळगाव जामोदकडे झाली. एसटीच्या खिडकीतून ते सांगत होते, ‘‘आवाज चढला का फोन करजा ताई. मी येतो.’’ तिथून ते कसे वेळेवर येणार, हे त्यांनाही कळत होतं. मला रडू आवरलं नाही.

यंदा पाणी फारच खाली गेलं. आवाज चढला तशी मी आधी ११२ लावला. बिचारे पोलीस तालुक्याहून जमेल तितक्या लवकर आले, पण तोवर दिरानं नवऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं होतं. नवरा वाचला. टाके पडले आणि दीर आत गेला. जाऊ आता माझ्याशी बोलत नाही. सरपंच भेटायला आले आणि जाता जाता हळूच म्हणाले, ‘‘आता नोंद झाली. चौकीचं बोलता येते.’’

बातमी कळताच जमादार रजा टाकून आले, साध्या कपड्यांत. आधी जावेकडे जाऊन पाणी प्यायले, मग आमच्याकडे आले.

‘‘तवा लिहिलं असतं त चौकी राह्यली असती,’’ ते म्हणाले. ‘‘मी असतो इथं. चुकलं काय माझं, ताई?’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

नवरा आत डोक्याला पट्टी बांधून पडला होता, आणि पलीकडे जाऊ एकटीच गोठा झाडत होती. मी नाही म्हटलं खरं, पण ते तेव्हाही मला खात्रीनं माहीत नव्हतं. आजही नाही.