कोपरचा कोल्हा

संग्रहालय बघायला जायची यादी मी आदल्या दिवशीच केली होती: पाण्याच्या दोन बाटल्या, ताईची गुडघ्याची पट्टी, पक्षी साडेदहा, प्राणी सव्वाअकरा, डबा बारा. ताई नौपाड्याहून आली, मी डोंबिवलीहून. खडवलीला रिक्षात बसल्यापासून तिचा एकच प्रश्न, "कोल्हा कितीला?"

चाळीस वर्षांपूर्वी कोपरच्या खाडीकाठी, कांदळवनात, ताईने कोल्हा पाहिला. घरी येऊन सांगितलं. सोबत मी होते, म्हणून आईने मला विचारलं. मी म्हटलं, "कुत्रं होतं." तेव्हापासून ताई दिसली की अख्खी चाळ ओरडायची, "कोल्हा आला रे आला!" तिच्या लग्नातही कोणीतरी ओरडलंच.

संग्रहालय मातीच्या विटांचं, छतावर गवत. एसी नाही, तरी आत गारवा. दिवसा दिवेही लावत नाहीत. छतातल्या झरोक्यांतून ऊन येतं आणि ते सरकेल तसा एकेक कोपरा उजळतो. कल्पना उत्तम, पण आम्ही सव्वाअकराला पोचलो तेव्हा शेवटच्या कोपऱ्यात अंधार. काचेमागे काहीतरी चारपायी, एवढंच कळत होतं. मी मोबाइलचा टॉर्च मारला, तर काचेत माझंच तोंड.

"टॉर्च नको, काकू," तिथली मुलगी म्हणाली. "साडेबाराला ऊन येतं तिथे."

"बाराला डबा आहे," मी म्हटलं.

"मी चाळीस वर्षं थांबलेय," ताई बाकावर बसली. "तू जा, जेव."

मी बसले. ऊन फरशीवरून इतकं हळू सरकत होतं की आम्हाला हसूच फुटलं.

"साळिंदर गाठलं गं!"

"हो, पण मुंगसापाशी अडलंय."

"ढकल की जरा!"

दोन पोक्त बायका उन्हाला चिअर करताहेत म्हटल्यावर मागे शाळेची एक सहलच येऊन थांबली.

आधी शेपटी उजळली. झुपकेदार, टोकाला काळी. मग कान. मग पाटी: कोल्हा. खाडीकाठच्या कांदळवनातही आढळतो.

ताई गुडघा विसरून उठली. "वाच. मोठ्याने वाच."

मी वाचलं. आणि पुढचं यादीत नव्हतं. "ताई, ही शेपटी तेव्हा मीही पाहिलेली."

"काय?"

"कोल्हा म्हटलं असतं तर आईने खाडीवर जाणं बंद केलं असतं. माझे शंख अर्धेच गोळा झाले होते."

"शंख!" ताईने पर्स माझ्या पाठीत हाणली. मग दुसऱ्यांदा हाणायला उचलली, पण हसता हसता खालीच बसली. डोळे पुसत म्हणाली, "सांग आता. सगळ्यांना सांग."

मी काचेला पाठ लावून उभी राहिले. "मुलांनो, माझ्या ताईने खरंच कोल्हा पाहिला होता. खोटं मी बोलले होते!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. ताईने मान झुकवून त्या घेतल्या.

मागून एक मुलगा ओरडला, "काकू, बाजूला व्हा ना! कोल्हा दिसत नाहीये!"